फ्लेक्सवरचे चोवीस फोटो एका ओळीत कसे बसवायचे?

विट्याच्या एका नवोदित डिझायनरचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गणेश मंडळाचा १० बाय ८ फुटी फ्लेक्स फोटोशॉपमध्ये चालू आहे. वर गणपती, खाली २४ कार्यकर्त्यांचे गोल फोटो आणि प्रत्येकाखाली नाव. सगळे फोटो सिलेक्ट करून अलाइन, म्हणजे वस्तू एका रेषेत जुळवायचं बटण, दाबलं की एकावर एक चढतात. हाताने सरकवले तर मधलं अंतर कमी-जास्त होतं. नावं कितीही अलाइन केली तरी वर-खालीच दिसतात. आणि एक फोटो धरायला जावं तर भलताच हलतो. लेअर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले थर, लावायची नेमकी पद्धत कोणती?

पहिल्या तीन त्रासांचं मूळ एकच आहे, चौथ्याचं वेगळं. चौथ्याचं आधी सांगतो, कारण ते दोन मिनिटांत मिटतं. मूव्ह टूल घेतलं की वरच्या पट्टीत ‘ऑटो-सिलेक्ट’ अशी खूण असते. ती चालू असेल तर माऊसखाली जो सगळ्यात वरचा लेअर येईल तो पकडला जातो, मग तुम्ही लेअर्सच्या यादीत, म्हणजे पॅनलमध्ये, काहीही निवडलेलं असो. चमक, फुलं, झुंबर असले मोठे लेअर वर पसरलेले असले की क्लिक त्यांच्यावरच पडते. खूण काढून टाका. एखादा लेअर थेट चित्रातूनच निवडायचा असेल तेव्हा कंट्रोल दाबून क्लिक करा, तेवढ्यापुरतं ऑटो-सिलेक्ट चालू होतं. आणि पार्श्वभूमी, कमान, मूर्ती हे एकदा बसलं की पॅनलमधल्या कुलपाच्या खुणेने लॉक करून टाका.

आता मुख्य गोष्ट. अलाइनला फोटो, नाव, चेहरा यातलं काही कळत नाही. लेअरवर जिथे जिथे रंग आहे त्याभोवती ते एक अदृश्य चौकट धरतं आणि त्या चौकटीची कड किंवा मध्य दुसऱ्या चौकटीशी जुळवतं. फोटोशॉपमध्ये ही चौकट ५० टक्क्यांहून जास्त अपारदर्शक असलेल्या पिक्सेलवरून ठरते. म्हणजे विरळ धूर, फिकट सावली, फेदर केलेली, म्हणजे धूसर विरघळवलेली कड हिशेबात येत नाही. उलट बॅकग्राउंड काढताना कोपऱ्यात राहिलेला नखभर ठिपका मात्र पूर्ण हिशेबात येतो आणि सगळा फोटो त्याच्यामुळे बाजूला सरकतो. असा ठिपका डोळ्यांना दिसत नाही. लेअरला थोडा वेळ लाल रंगाचा जाड स्ट्रोक, म्हणजे बाहेरची रेघ द्या. कचरा जिथे असेल तिथे लाल टिकल्या उमटतात. त्या खोडा आणि स्ट्रोक काढून टाका. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या आणि घाईत कापलेल्या फोटोंमध्ये हे फार सापडतं.

एवढं कळलं की कामाचा क्रम आपोआप ठरतो. चौकटी सगळ्या एकसारख्या असतात तोवरच अलाइन बिनचूक चालतं. म्हणून आधी सगळं एकसारखं असताना ओळी लावून घ्यायच्या आणि वेगवेगळे चेहरे, वेगवेगळी नावं नंतर भरायची. तुम्ही उलट केलंय. फोटो आणि नावं भरली आणि मग अलाइन करायला बसलात. माझ्या सांगलीतल्या दुकानात नवीन मुलगा कामाला लागला की मी त्याला पहिल्या दिवशी हाच क्रम शिकवतो. बाकीची शॉर्टकट महिन्याभरात हातात बसतात.

तुमच्याच फ्लेक्सवर करून बघू. १० बाय ८ फूट म्हणजे १२० बाय ९६ इंच. ७२ पीपीआयला, म्हणजे इंचाला ७२ पिक्सेल अशी फाइल धरली तर ८६४० बाय ६९१२ पिक्सेल होते. रस्त्यावर दहा-पंधरा फुटांवरून बघायच्या फ्लेक्सला एवढं पुष्कळ आहे. व्ह्यू मेनूत ‘न्यू गाइड लेआउट’ आहे, तिथे चारी बाजूंना ४ इंचांची मार्जिन टाका. फ्लेक्सची कड चौकटीवर दुमडली जाते, दोरी ओवायच्या धातूच्या कड्या, म्हणजे आयलेट ठोकले जातात. त्या पट्ट्यात कुणाचं नाव गेलं की मंडळाचे लोक तुम्हालाच विचारणार.

आडवी जागा उरली ११२ इंच. २४ फोटोंच्या आठ-आठच्या तीन ओळी करू. गोल १० इंचांचा, म्हणजे ७२० पिक्सेलचा. आठ गोलांचे ८० इंच गेले, ३२ इंच उरले, त्यात सात मोकळ्या जागा. प्रत्येक जागा ४.५७ इंचांची. हे अंतर हाताने सरकवून कधीच जुळणार नाही, आणि जुळवायची गरजही नाही.

इलिप्स टूलने शिफ्ट दाबून एक गोल काढा. त्याखाली टेक्स्ट टूलने नुसती क्लिक करून ‘नाव’ एवढाच शब्द टाइप करा, पॅराग्राफ सेंटर ठेवा. ओढून मजकुराची चौकट काढू नका, नुसती क्लिक. हे का ते पुढे येतंच आहे. गोल आणि नाव दोन्ही निवडा, ‘अलाइन हॉरिझॉन्टल सेंटर्स’ दाबा, म्हणजे नाव गोलाच्या बरोबर मध्याखाली येईल. कंट्रोल + जी करून दोघांचा ग्रुप करा. हा ग्रुप म्हणजे तुमचा साचा.

आता ऑल्ट धरून ग्रुप ओढा, नक्कल निघेल. अशा सात नकला काढा, कशाही पडल्या तरी चालतील. पहिला ग्रुप डाव्या मार्जिनला चिकटवा, शेवटचा उजव्या मार्जिनला. आठही ग्रुप निवडा. पॅनलमध्ये पहिल्यावर क्लिक, शेवटच्यावर शिफ्ट-क्लिक. आता बटण कोणतं दाबायचं तिथेच तुमची गफलत होते आहे. आडवी ओळ हवी म्हणून तुम्ही ‘हॉरिझॉन्टल सेंटर्स’ दाबताय. ते बटण सगळ्यांचे मध्य एकाच उभ्या रेषेवर आणतं. २४ फोटो एकदम निवडून ते दाबलं की सगळे एका स्तंभात गोळा होणार आणि एकमेकांवर चढणार. आडव्या ओळीसाठी ‘व्हर्टिकल सेंटर्स’ किंवा ‘टॉप एजेस’ दाबायचं. आणि एका वेळी एकाच ओळीचे आठ घ्यायचे.

ओळ सरळ झाली. त्याच आठ ग्रुपवर आता ‘डिस्ट्रिब्यूट हॉरिझॉन्टल सेंटर्स’. डिस्ट्रिब्यूट दोन टोकांच्या वस्तू जागेवर ठेवतं आणि मधल्या समान अंतरावर बसवतं. म्हणूनच टोकाचे दोन आधी मार्जिनला लावायचे. निदान तीन लेअर निवडलेले नसतील तर हे बटण चालतच नाही. आठांचा मिळून एक ग्रुप करा आणि त्याला ‘ओळ १’ नाव द्या. या अख्ख्या ओळीच्या दोन नकला काढा, तिन्ही ओळी निवडून लेफ्ट एजेस आणि मग उभं डिस्ट्रिब्यूट. चोवीस जागा तयार झाल्या आणि अजून एकही चेहरा आलेला नाही.

शेवटची ओळ अपुरी असेल, समजा पाचच माणसं उरली, तर ती डावीकडे लोंबकळत ठेवू नका. पहिल्या ओळीचं अंतर तसंच ठेवून जादाचे तीन ग्रुप काढा, उरलेली ओळ निवडा आणि कॅन्व्हसच्या, म्हणजे अख्ख्या पानाच्या, आडव्या मध्याला आणा. नव्या आवृत्त्यांमध्ये अलाइनच्या तीन टिंबांवर क्लिक केलं की ‘अलाइन टू’मध्ये सिलेक्शन किंवा कॅन्व्हस निवडता येतं. जुन्या आवृत्तीत कंट्रोल + ए करून मग अलाइन करायचं, काम तेच होतं.

आता नावांकडे येतो. खरं तर सगळ्यात जास्त लिहायचं आहे ते याच भागावर, कारण फोटोशॉप शिकवणारे बहुतेक व्हिडिओ इंग्रजी अक्षरं समोर ठेवून केलेले असतात आणि आपली अडचण त्यांना येतच नाही.

देवनागरी शब्दाची ओळ आपल्या डोळ्यांना शिरोरेषेवरून कळते. पण अलाइनला शिरोरेषा माहीत नाही, त्याला चौकट माहीत आहे. शेजारी शेजारी तीन नावं घ्या: सागर, किरण, कौस्तुभ. ‘सागर’ला शिरोरेषेच्या वर काही नाही, खालीही काही नाही. ‘किरण’मध्ये वेलांटीची कमान रेषेच्या वर गेली. ‘कौस्तुभ’मध्ये दोन मात्रा वर आणि ‘स्तु’चा उकार खाली. आता तिघांना ‘टॉप एजेस’ करा. ‘किरण’ची कमान, ‘कौस्तुभ’च्या मात्रा आणि ‘सागर’ची शिरोरेषा एका उंचीवर येतात, म्हणजे ‘सागर’ बाकीच्या दोघांपेक्षा वर उचलला जातो. ‘बॉटम एजेस’ केलं तर ‘कौस्तुभ’चा उकार इतरांच्या पायाशी येतो आणि तो शब्द वर चढतो. ‘व्हर्टिकल सेंटर्स’ केलं तर तिघांच्या शिरोरेषा तीन ठिकाणी. तुम्हाला नावं वर-खाली दिसतात त्याचं कारण हेच. तुमचा डोळाही बरोबर आहे आणि सॉफ्टवेअरही त्याच्या हिशेबाने बरोबर आहे.

उपाय त्या साच्यातच आहे. नुसत्या क्लिकने टाकलेल्या मजकुराला एक बिंदू असतो. अक्षरं त्या बिंदूच्या बेसलाइनवर, म्हणजे पायाच्या अदृश्य रेघेवर बसतात आणि सेंटर ठेवलेलं असलं की दोन्ही बाजूंना सारखी पसरतात. चोवीस जागी ‘नाव’ हाच शब्द होता, म्हणून चोवीस चौकटी तंतोतंत सारख्या होत्या आणि अलाइन बिनचूक झालं. आता ‘नाव’वर डबल-क्लिक करून खरं नाव टाइप करा. बिंदू हलत नाही, बेसलाइन हलत नाही, फाँट आणि साइज तोच असल्यामुळे शिरोरेषाही हलत नाही. सागर, किरण, कौस्तुभ एका रेषेत उभे राहतात, वेलांट्या वर जायच्या तेवढ्या जातात आणि उकार खाली. यानंतर नावांना उभं अलाइन पुन्हा कधीही लावायचं नाही.

लांब नावाला साइज कमी करायचा मोह होतो. करू नका. बेसलाइन तीच राहून अक्षर लहान झालं की शिरोरेषा खाली येते आणि तेवढं एकच नाव ओळीतून पडल्यासारखं दिसतं. त्याऐवजी सगळीच नावं दोन ओळींत घ्या, वर नाव आणि खाली आडनाव. तरीही एखादं बसत नसेल तर कॅरेक्टर पॅनलमधून आडवी रुंदी ९० टक्क्यांपर्यंत दाबा. दोन ओळींमधलं अंतर, म्हणजे लीडिंग, ऑटोवर ठेवलं तर फोटोशॉप ते साइजच्या १२० टक्के धरतं. आपल्या लिपीला ते कमी पडतं, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. मी १३५-१४० टक्क्यांच्या आसपास ठेवतो. सगळ्या नावांना एकच फाँट. मधूनच एक नाव युनिकोडआधीच्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये आणि बाकीची युनिकोडमध्ये असं झालं तर बेसलाइन एक असूनही शिरोरेषा वेगळी पडते.

‘किरण’ टाइप केल्यावर वेलांटी क-च्या डावीकडे न येता उजवीकडे पडत असेल, जोडाक्षरं फुटत असतील, तर ती अलाइनची भानगड नाही. प्रेफरन्सेसमध्ये टाइपच्या पानावर मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन हे टेक्स्ट इंजिन निवडा, फोटोशॉप बंद करून उघडा आणि नवीन फाइलमध्ये टाइप करून बघा. अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये याच सोयीला वर्ल्ड-रेडी लेआउट म्हणतात.

नावं आधीच टाइप झालेली असतील आणि पुन्हा करायला वेळ नसेल, तर कंट्रोल + आर करून रूलर आणा, वरच्या रूलरमधून एक गाइड, म्हणजे छापली न जाणारी मदतरेषा, ओढून पहिल्या नावाच्या शिरोरेषेच्या वरच्या कडेवर ठेवा, २०० टक्के झूम करा आणि बाकीची नावं बाणाच्या कीने एकेक आणून लावा. बाण एक पिक्सेल सरकवतो, शिफ्टसकट दहा. ७२ पीपीआयला एक पिक्सेल म्हणजे साधारण ०.३५ मिलिमीटर. तेव्हा फ्लेक्सवर एका पिक्सेलसाठी डोळे फोडू नका. व्हिजिटिंग कार्डाचं, हळदीच्या पाकिटाचं, बेदाण्याच्या खोक्याचं काम असलं तर मात्र हातात धरून बघायची वस्तू आहे, तिथे काटेकोर राहा.

फोटो भरताना प्रत्येक फोटो त्याच्या गोलाच्या लगेच वरच्या लेअरवर आणा आणि ऑल्ट + कंट्रोल + जी करून क्लिप करा, म्हणजे फोटो गोलाच्या आतच दिसेल. २०१९च्या आवृत्तीपासून फ्रेम टूलही आहे. गोल फ्रेम काढून त्यात फोटो टाकला तरी चालतो. फोटो भरल्यावर ग्रुप पुन्हा अलाइन करू नका. गोलाबाहेर लपलेला फोटोचा भागही मोजमापात घुसू शकतो, आणि एवढी लावलेली ओळ विस्कटते.

गोलाच्या आत चेहरा कसा बसवायचा हे कोणतंही बटण सांगत नाही. चोवीस फोटोंत कुणी फेटा बांधलेला, कुणी टोपी घातलेला, कुणी कमरेपर्यंतचा, कुणाचा नुसता चेहरा. डोक्याच्या वरच्या कडेवरून जुळवायला गेलात तर फेटेवाल्याचा चेहरा खाली दबतो आणि लहान होतो, त्याच्या शेजारचा उघड्या डोक्याचा माणूस मोठा वाटतो. डोळ्यांच्या रेषेवरून जुळवा. प्रत्येक ओळीत गोलाच्या वरून साधारण ४० टक्क्यांवर एक आडवी गाइड टाका आणि सगळ्यांचे डोळे तिच्यावर आणा. नंतर कंट्रोल + टी करून हनुवटी ते भुवई हे अंतर सगळ्यांचं सारखं दिसेल एवढं लहान-मोठं करा. फेट्याचा तुरा गोलाबाहेर कापला गेला तरी चालेल. ओळीतले सगळे डोळे एका उंचीवर असले की बघणाऱ्याला अख्खा फ्लेक्स नीटनेटका वाटतो. आणि जो तरुण वर्षभर मंडळासाठी राबलाय त्याचा चेहरा शेजारच्यापेक्षा दीडपट लहान जाऊ नये, एवढी काळजी आपण घ्यायलाच हवी.

तळाच्या जाहिरातींच्या पट्टीला मात्र वेगळा नियम लागतो. तिथे कुणाचा लोगो लांबट, कुणाचा चौकोनी, कुणाचं नुसतं दुकानाचं नाव. इथे सेंटर्सवरून डिस्ट्रिब्यूट केलं तर मध्यबिंदू समान अंतरावर येतात, पण लांब लोगोशेजारची मोकळी जागा आक्रसते. असमान रुंदीसाठी ‘डिस्ट्रिब्यूट स्पेसिंग’ वापरा, ते मधली मोकळी जागा समान करतं. सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात लागणाऱ्या नाटकाच्या बॅनरवर कलाकारांची नावं एका ओळीत द्यायची असतात तेव्हाही हेच बटण लागतं. पण ओळीसाठी वापरायचं त्यातलं आडवं बटण फक्त आडवं अंतर पाहतं. उभी जागा तिथेही शिरोरेषेवरूनच.

लेअर वर-खाली करण्याबद्दल थोडंच सांगतो. कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस दाबला की लेअर एक पायरी वर, डावा कंस दाबला की एक पायरी खाली. सोबत शिफ्ट असली की थेट टोकाला. लेअर ग्रुपच्या आत असेल तर ‘ब्रिंग टू फ्रंट’ त्याला त्या ग्रुपच्याच वरच्या टोकाला नेतं, बाहेर काढत नाही. मूर्तीच्या पायाशी ठेवलेली फुलं पुढे येत नाहीत ती बहुतेक वेळा यामुळे. क्लिप केलेला फोटो आणि त्याचा गोल यांच्यामध्ये दुसरा लेअर आला की फोटोची गाठ त्या दुसऱ्या लेअरशी पडते किंवा सुटते, तेव्हा दोघांना जोडीनेच हलवा. अनेक लेअर उलट्या क्रमाने पेस्ट झाले असतील तर लेअर मेनूत अरेंजखाली ‘रिव्हर्स’ आहे, एका क्लिकमध्ये क्रम फिरतो.

कोरलड्रॉ या दुसऱ्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये काम करत असाल तर तत्त्व हेच, बटणं सोपी. वस्तू निवडून एल, आर, टी, बी दाबलं की अनुक्रमे डावी, उजवी, वरची, खालची कड जुळते. सी आणि ई मध्य जुळवतात, पी पानाच्या मध्यावर आणतो. शिफ्ट धरून एकेक निवडत गेलात तर शेवटी निवडलेली वस्तू जागेवर राहते आणि बाकीच्या तिच्याकडे येतात, हे मात्र लक्षात ठेवा. गिंप या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक लेअरला स्वतःची तुटक रेघांची हद्द असते आणि जुन्या आवृत्त्यांमध्ये अलाइन त्या हद्दीवरून होतं, रंगावरून नाही. म्हणून आधी लेअर मेनूतून ‘क्रॉप टू कंटेंट’ करून घ्यायचं. मार्च २०२५मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत लेअरच्या आतल्या प्रत्यक्ष चित्रावरून अलाइन करायचा पर्याय मिळाला आहे आणि अनेक लेअर एकदम निवडताही येतात.

एडिट मेनूतलं ‘ऑटो-अलाइन लेअर्स’ या कामाचं नाही. एकाच दृश्याचे दोन-तीन फोटो एकमेकांवर तंतोतंत बसवायला ते आहे. मंडळाच्या ग्रुप फोटोत एका शॉटमध्ये अध्यक्षांचे डोळे मिटलेत आणि दुसऱ्यात खजिनदारांचे, तेव्हा दोन्ही शॉट लेअर करून ते वापरा. चांगला शॉट लॉक केला की दुसरा त्याच्यावर येऊन बसतो, मग मास्क लावून, म्हणजे नको तो भाग झाकून, डोळे उघडे असलेला चेहरा घ्यायचा. स्मार्ट ऑब्जेक्टवर, म्हणजे मूळ प्रतिमा आत जपून ठेवणाऱ्या लेअरवर, ते चालत नाही. आधी रास्टराइज करून त्याचा साधा पिक्सेलचा लेअर करावा लागतो.

चतुर्थीच्या आदल्या रात्री फोन येतो आणि एक नाव वाढतं, त्याचीही सोय आत्ताच करून ठेवा. सुरुवातीला केलेल्या साच्याच्या ग्रुपची एक कोरी नक्कल पॅनलच्या तळाशी डोळ्याची खूण बंद करून, म्हणजे लपवून ठेवा आणि चेहरे भरण्याआधीची कोरी पीएसडी (फोटोशॉपची मूळ फाइल) वेगळ्या नावाने सेव्ह करा. पंचवीसावा आला की ज्या ओळीत तो जायचा त्या ओळीचे नऊ कोरे ग्रुप त्या फाइलमध्ये पुन्हा डिस्ट्रिब्यूट करा, ती ओळ मुख्य फाइलमध्ये आणा आणि जुन्या ओळीतले फोटो व नावं तिच्यात हलवा. नऊ गोलांचे ९० इंच होतात, २२ इंच उरतात, आठ मोकळ्या जागांना प्रत्येकी २.७५ इंच. म्हणजे गोल लहान न करता बसतात. फक्त नाव आणि आडनाव दोन ओळींत घेतलेलं असलं पाहिजे, नाहीतर शेजारची नावं एकमेकांना भिडतील.